सामाईक भिंतीतली ढोलकी

जानेफळ (पूर्वेकडची बाजू)
१८ फेब्रुवारी २०२५

श्रीमती रुख्मिणी संघपाल अंभोरे यांस,

जयभीम. 'सप्रेम' मुद्दाम लिहिलेलं नाही.

हे पत्र रजिस्टर पोस्टानं पाठवतो आहे याचं आपल्याला हसू येईल. आपल्या आणि माझ्या घरात एक भिंत आहे, आणि हे पत्र मेहकर बघून मग आपल्याकडे येईल. येऊ द्या. सही झाली म्हणजे नंतर 'मले काही मालूमच नाही' म्हणायला जागा राहत नाही. शिवाय धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी तोंडानं बोलायचं नाही, ही आपल्या घरची रीत. संघपाल होता तोवर इकडचा शब्द तिकडे तोच पोचवायचा. तो गेला, आता ते काम टपाल खात्याकडे.

मुद्द्यावर येतो. आपण पुढच्या खोलीत मिरची कांडपाचं यंत्र बसवलं आहे. त्याचे मुसळ दिवसभर आपटतात. माझा रेकॉर्ड प्लेयर आणि त्याचे दोन्ही स्पीकर सामाईक भिंतीत ठोकलेल्या फळीवर आहेत. फळी मी संघपालच्या लग्नाआधी ठोकली, म्हणजे आपल्याही आधीपासून ती या घरात आहे.

मी दर रविवारी सकाळी दहा वाजता एकच तबकडी लावतो. कोणती, ते आपल्याला माहीत आहे. रोहिणखेडच्या गायन पार्टीची, जिच्यात संघपाल ढोलकीवर होता. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात एक कडवं संपतं, पेटी थांबते, आणि ढोलकी एकटी वाजते. साऱ्या तबकडीत तेवढीच जागा त्याची. कव्हरवर त्याचं नाव नाही, फोटो नाही. नेमकी तिथंच सुई उडते आणि पुढच्या कडव्यात जाऊन पडते. आपलं यंत्र आल्यापासून मला माझा भाऊ ऐकू येत नाही.

यंत्र परसात न्यावं. पंधरा दिवसांत.

दयाराम अंभोरे
सेवानिवृत्त मुख्याध्यापक

*

जानेफळ (तुमी जिले पश्चिम म्हणता ते)
२७ फेब्रुवारी

भाऊजींना जयभीम.

पत्र पोचलं. पोस्टमन तुमच्याच ओट्यावरून माझ्या दारी आला. सही करताना इचारत होता, 'बाई, हे इकडचंच तिकडं काऊन पाठवून राह्यले सर?' म्या सांगतलं, सरांच्या घरी रीतीले लई मान आहे.

मशीन परसात जाणार नाही. परसात पतरा आहे, उन्हात मिरचीपाशी बसून पाहा एक डाव. पुढच्या खोलीचं तोंड रस्त्याकडं आहे, बाया डबे घेऊन तिथंच येतात. मार्च लागला की साऱ्या गावाचं सालाचं तिखट याच मशीनीवर होणार आहे. तुमच्या घरचंबी आमच्याच मशीनीचं आहे. जाऊबाई निरोप धाडून नेतात, तुमाले सांगत नसतील.

'मला माझा भाऊ ऐकू येत नाही' लिहिलं तुमी. वाचलं. वाटणी झाली त्या दिवशी ती तबकडी म्या मांगतली होती. तोंडानं नाही, तोंड मले नव्हतंच. माझ्या भावाकडून मांगतली. पंचांनी काय सांगतलं ते याद आहे तुमाले? 'गाय जिकडं, वासरू तिकडं.' गाण्याची मशीन सरांची, म्हणून तबकड्या सरांच्या. तुमी मान हलवली. ज्याचे हात त्या तबकडीत आहेत त्याच्या बायकोच्या वाट्याले ढोलकी आली, कारण ते म्हणे जनावर वेगळं.

अन् मशीन चालू असतानाच सुई उडते, हे कोणी पाह्यलं?

रुख्मिणी

*

जानेफळ (पू.)
१० मार्च

श्रीमती रुख्मिणीबाई,

आपलं उत्तर मिळालं. त्यात उत्तर सोडून सर्व आहे.

मी आपल्यावर विसंबलेलो नाही. पुण्याला प्रसेनजितशी बोललो. त्यानं सांगितलं, 'बाबा, काकूशी भांडू नका, प्लेयरला पाय घ्या.' मुलगा पुण्याला राहिला की त्याला सगळ्या भांडणांवर काहीतरी विकत मिळतं असं वाटू लागतं. तरी चौकशी केली. चार पाय असलेल्या वस्तूला आणखी चार पाय घ्यावे लागतात, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

या पायांत पंथ आहेत. एक पंथ टोकदार पोलादी पायांचा. तो म्हणतो, कंप टोकावाटे खाली उतरवून टाका. दुसरा मऊ पायांचा. तो म्हणतो, कंप वर चढूच देऊ नका. दोघे इंटरनेटवर एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ती वाचून मला आपली वाटणी आठवली. रबराचे पाय आहेत, बुचाच्या लाकडाचे आहेत, स्प्रिंगचे आहेत, जेलीसारख्या पदार्थाचेही आहेत. प्रत्येकाचा भार ठरलेला. भार कमी पडला तर स्प्रिंग दबतच नाही, म्हणजे दगडावर ठेवल्यासारखंच. जास्त झाला तर तळाला टेकते, मग तिचा उपयोग संपला. म्हणून प्लेयर उचलून अडत्याच्या काट्यावर नेला. तिथं चारजण जमले आणि एकानं विचारलं, 'सर, याचा काय भाव चालू आहे?' परत येऊन पाहिलं तर मोटर एका कोपऱ्यात, त्यामुळे तो कोपरा जड. म्हणजे चार पाय चार प्रकारचे हवेत. घरातली माणसं अशी तोलून घेतली असती तर बरं झालं असतं.

आधी रबराचे लावले. प्लेयरवर पाण्याचा पेला ठेवून बघत बसलो. आपले मुसळ पडले की पाण्यावर वर्तुळं. रविवारी सुई उडालीच. मग बुचाचे लावले, तरी उडाली.

आपल्या शेवटच्या टोमण्याचंही उत्तर देतो. काल रविवारी मी तबकडी लावली तेव्हा आपलं यंत्र बंद होतं, हे मान्य. तरी सुई उडाली. याचा अर्थ आपण निर्दोष असा होत नाही. आठवडाभराचा कंप भिंतीत मुरतो, लोणच्यासारखा. यंत्र थांबलं म्हणून भिंत लगेच थांबत नाही.

म्हणून मूळच छाटलं. फळी आज भिंतीतून काढली. प्लेयर आणि स्पीकर पलीकडच्या कोपऱ्यात कडप्प्यावर ठेवले, आणि खाली स्प्रिंगचे पाय दिले. भिंतीशी माझा संबंध संपला.

दयाराम अंभोरे

*

जानेफळ
१९ मार्च

भाऊजी,

फळी कोणाले इचारून काढली?

भिंत सामाईक आहे. सामाईक भिंतीत खिळा ठोकायचा तर दोघांची परवानगी लागते, मंग काढायचा असला तरी दोघांचीच लागते. तुमी इकडं पहार लावली अन् माझ्या बाजूचा गिलावा पडला, थेट निवडून ठेवलेल्या मिरच्यांवर. तेवढी मिरची पुन्हा निवडावी लागली. पंचफुलाबाई सकाळपासून डबा घेऊन बसली होती, तिनं तुमच्या नावानं जे म्हटलं ते कागदावर येत नाही.

मले तुमच्या पायांचं काही सांगू नका. रबराचे लावा, लाकडाचे लावा, चांदीचे लावा. पण ती फळी होती तिथं परत ठोका. स्पीकरसुद्धा. जिथल्या तिथं.

अन् भिंतीत कंप मुरते म्हणे लोणच्यासारखा. शाळेत पोराईले हेच शिकवलं का?

फळी ठोका.

रुख्मिणी

*

जानेफळ (पू.)
२९ मार्च

श्रीमती रुख्मिणीबाई,

फळी होती तेव्हा माझ्या गाण्यानं आपल्या बायांना बोलणं ऐकू येत नाही, अशी तक्रार आपल्या भावानं माझ्याकडे आणली होती. आता फळी नाही, तर ती नाही म्हणून तक्रार. आपल्याला फळीशी घेणंदेणं नाही, भांडणाशी आहे, एवढाच अर्थ मी काढतो. गिलाव्यासाठी गवंडी पाठवतो. मिरच्या निवडायला मात्र मी येणार नाही.

कळवण्यास आनंद वाटतो की जेलीचे पाय आले. बोटानं दाबले तर ओल्या कणकेसारखे लागतात. प्लेयरखाली दिले, स्पीकरखालीही दिले. परिणाम अपूर्व आहे. मी स्वतः भिंतीला कान लावून पाहिलं. गाणं मोठ्यानं चालू होतं आणि भिंत मढ्यासारखी गप्प होती. आता माझ्या खोलीतून केसाएवढा कंप आपल्याकडे जाणार नाही आणि आपला माझ्याकडे येणार नाही. वाटणी त्या दिवशी अर्धी झाली होती, ती आता पूर्ण झाली.

सुई अजून त्याच जागी उडते. कारण शोधतो आहे. बहुधा आपल्या यंत्राचा कंप जमिनीखालून येत असावा.

तबकडीचं दुःख आपण पहिल्या पत्रात उगाळलंत. ढोलकी आपल्याकडे आहे ना? मग ती वाजवा की. कोणी अडवलं आहे?

दयाराम अंभोरे

*

जानेफळ
८ एप्रिल

भाऊजी,

आता मी लिहिते अन् तुमी वाचा. मधातच कागद ठेवू नका.

मले या घरात येऊन तीस सालाच्या वर झालं. एवढ्या सालात तुमच्यासमोर माझ्या तोंडातून एक शब्द नाही निघाला. तुमी ओट्यावर असले की मी परसातून फिरून जात होती. चौदा एप्रिलले तुमी समाजमंदिरात उभे राहता, बाईच्या हक्कावर बोलता, लोक टाळ्या वाजवतात. म्यासुद्धा वाजवल्या, मागच्या रांगेत, डोक्यावर पदर घेऊन, कारण बोलणारा माझा भासरा. यंदाबी बोलान. बोला. पण पत्राले पदर नसते, हे तुमच्या ध्यानात आलं नाही. रजिस्टर तुमी सुरू केलं.

संघपाल गेले त्या दिवशी घरात माणसं भरली होती. तुमी माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. अन् माझ्या भावाले म्हणाले, 'तिला सांगा, रडू नको म्हणावं.' दोन हातांवरून. मले ऐकू येत होतं भाऊजी.

मंग वाटणी झाली, तबकडी तिकडं गेली. तुमच्या घरात येऊन तुमच्यासमोर बसून माझ्या नवऱ्याचे हात ऐकायचे, तर रीत आडवी. पण पहिल्याच इतवारी मी भिंतीपाशी दाणे निवडत होती, अन् पाठीले ढोलकी लागली. कानाले नाही, पाठीले. तुमचे स्पीकर त्या फळीवर, फळी भिंतीत, अन् भिंत माझ्या पाठीशी. गाणं पुरं येत नव्हतं, बाईचा आवाज नाही, पेटी नाही. ढोलकी तेवढी येत होती. तुमाले जे बाकीच्यासोबत ऐकावं लागे, ते मले निवडून भेटत होतं.

तेव्हापासून दर इतवारी दहाले मी पाठ लावून बसते. संक्रांतीनंतर मशीन आली. गाण्याची तक्रार माझ्या भावानं आपल्या मनानं आणली, म्या नाही धाडली. दहा वाजले की मी बटन बंद करते. पंचफुलाबाई म्हणते, 'काऊन वं, मशीन काऊन बंद केली? माही अर्धी मिरची मुसळाखाली आहे.' मी म्हणते मोटर तापली. साऱ्या गावाले वाटते माझी मोटर इतवारीच तापते. तुमी मशीन कधी चालू ऐकली त्या गाण्यात? एक डाव? तुमाले तर बंद मशीनमध्येबी कंप सापडला. मुरलेला.

आता सुईचं सांगते. सुई मशीन आल्यापासून उडत नाही. ती त्याच्या आधीपासून, दिवाळीपासून उडते. मले मालूम आहे कारण मी दर इतवारी ऐकत होती. अन् काऊन उडते तेबी मालूम आहे. संघपाल गेल्यावर तुमी ते गाणं पुरं लावतच नव्हते. सुई उचलायची अन् ढोलकीवर टाकायची. खर्र, मंग ढोलकी. पुन्हा उचलायची, पुन्हा टाकायची. खर्र. खर्र. भिंतीतून त्याचे हात येत अन् त्याच्यावर तुमची सुई पडे. मी मनात म्हणत होती, हळू ठेवा, हळू. पण भासऱ्याले कोण सांगणार? तबकडी तिथं खाल्ली गेली. तुमी खाल्ली. माझ्या मशीनीनं नाही, जमिनीखालच्या कंपानं नाही.

खाल्ली तर खाल्ली. तुमचाबी भाऊ होता. पण जे उरलं होतं, उडायच्या आधीचं अन् नंतरचं, ते माझ्या पाठीले लागत होतं. ते तुमी पाय लावून बंद केलं. अन् वरून मले पत्र लिहिलं की भिंत मढ्यासारखी गप्प आहे. चार इतवार मी त्या मढ्याले पाठ लावून बसली.

मले तबकडी नको. मले तुमची माफी नको. फळी ठोका.

रुख्मिणी

*

जानेफळ
१६ एप्रिल

रुख्मिणी,

हे पत्र रजिस्टर नाही. तुझ्या कांडपाच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवलं आहे.

भिंग लावून तबकडी पाहिली. त्या जागी रेघा पांढऱ्या पडल्या आहेत. कोणतेही पाय लावले तरी सुई तिथं टिकणार नाही.

चौदा तारखेला मी बोललो नाही. घसा बसला, असं सांगितलं. घसा ठीक होता.

फळी ठोकली. गवंड्याला म्हटलं, पूर्वीच्याच भोकात बसव. प्लेयर आणि स्पीकर फळीवर उघड्या लाकडावर ठेवले, पाय काढून टाकले. रबराचे, बुचाचे, स्प्रिंगचे आणि जेलीचे असे चारही संच पिशवीत घालून सोबत ठेवतो आहे. मला त्यांच्याकडे बघवत नाही. तुझ्या यंत्राखाली लाव किंवा फेकून दे.

आणखी एक. भिंत कशाला? तू रविवारी इकडे ये. खुर्चीवर समोर बस. पदर नको. रीत मोडली म्हणून समज, मी मोडली.

दयाराम

*

जानेफळ
१८ एप्रिल

भाऊजी,

पिशवी भेटली. जेलीचे पाय मशीनीखाली लावून पाह्यले. चपाट झाले. पहिल्या मुसळाले चटणी. स्प्रिंगचे लावले तर मशीन दारापर्यंत चालत गेली, बाया डबे टाकून पळाल्या. पंचफुलाबाई म्हणते सरांनी सूड घेतला. रबराचे मात्र मिक्सरखाली बरे बसले. बाकीचे तुमचे तुमी न्या.

खुर्चीचं सांगते. मी येणार नाही. इतके दिवस रीतीनं आली नाही. आता रागानं येत नाही. दोन्ही एक समजू नका. रीत तुमची होती, राग माझा आहे, अन् तो मी एवढ्यात कोणाले देणार नाही. तुमी मोडली म्हणून रीत मोडत नसते. जिच्यावर होती तिनं मोडली की मोडते.

पण फळी ठोकली, ते पाह्यलं. माझ्या बाजूनं हात लावून पाह्यलं, खिळा पक्का आहे.

तुमी लिहिलं होतं, ढोलकी वाजवा, कोणी अडवलं आहे. वाट्याले आली तेव्हापासून ती कोठीत टांगलेली होती. खाली काढली. दोऱ्या सैल झाल्या होत्या, ताणल्या. तुमाले मालूम नसेल, संघपाल हात बसवायचे तेव्हा समोर मीच बसत होती. ठेका चुकला तर चूल फुंकता फुंकता सांगत होती. तो तुकडा मले पुरा येते.

आता नीट वाचा. इतवारी दहाले गाणं सुरवातीपासून लावा. कडवं संपलं, पेटी थांबली, की सुई उचला. खराब रेघ यायच्या आधी. उचलून हातातच धरा, कुठं ठेवू नका. मधलं मी इकडून वाजवते. ते संपलं की पुढच्या कडव्यावर सुई टेकवा. हळू.

मधलं लांब वाटलं, तरी धरा.

रुख्मिणी

*

जानेफळ
२० एप्रिल, रविवार

रुख्मिणी,

सुई उचलली. हातातच धरली. खोलीत काहीच वाजत नव्हतं, आणि मग भिंत वाजू लागली.

फळीला हात लावला होता. थाप हातात येत होती. तू लिहिलं होतंस, 'कानाले नाही, पाठीले'. ते मला वाचून कळलं नव्हतं.

तो तुकडा कुठं संपतो ते मी विसरलो होतो. इतके दिवस मी फक्त त्याची सुरुवातच ऐकत होतो. शेवटी थाप थांबली असं वाटलं, तेव्हा सुई टेकवली. कडवं बरोबर सुरू झालं.

तू शेवटची थाप जरा उशिरा घेतलीस का? संघपाल ती पटकन घ्यायचा.

दयाराम

*

जानेफळ
२१ एप्रिल

भाऊजी,

थाप उशिरा नव्हती. तुमी सुई लवकर टेकवली. माझे शेवटचे दोन बोल कडव्याखाली दबले, मी इकडं शिव्या देत होती. भिंतीतून शिव्या जात नाहीत, थापच जाते, म्हणून वाचले.

संघपाल पटकन घेत नव्हते. तिथं ते दम धरत. तुमाले पटकन वाटते कारण तुमी त्यांचं वाजवणं कधी पुरं ऐकू दिलंच नाही, ना सोताले ना मले.

पुढच्या इतवारी मी थांबले म्हणजे सुई टेकवू नका. मी थांबल्यावरबी ते एक दम धरतात. तो दम जाऊ द्या, मंग टेकवा.

अन् दहा म्हणजे दहा. काल सव्वादहा केले. मुसळाखाली पंचफुलाबाईची मिरची खोळंबते, अन् ती माझ्यासारखी पत्र लिहीत बसत नाही.

रुख्मिणी